क्लो ल्यूसे कसे पाहावे: लिओनार्दोच्या अखेरच्या घराची आणि बागेची फेरी

फ्रान्समधील ल्वार नदीच्या काठी आंब्वाज नावाचे छोटे गाव आहे. तेथील राजवाड्यापासून साधारण अर्ध्या किलोमीटरवर गुलाबी विटांचा आणि पांढऱ्या चुनखडकाच्या चौकटींचा एक मध्यम आकाराचा वाडा उभा आहे, त्याचे नाव क्लो ल्यूसे. लिओनार्दो दा विंची १५१६ साली, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी येथे राहायला आला आणि २ मे १५१९ रोजी येथेच वारला. येणारे बहुतेक पर्यटक त्याची यंत्रे पाहायला येतात. ती पाहण्यासारखी आहेतच, पण रणगाडा, हवाई मळसूत्र (फिरत वर चढेल अशा उड्डाणयंत्राची कल्पना), अनेक नळ्यांची तोफ या कल्पना मुख्यतः त्याच्या मिलानमधील दिवसांतल्या, म्हणजे या घरात येण्याच्या सुमारे तीस वर्षे आधीच्या आहेत. या घरात राहिला तो उजवा हात अधू झालेला, राजाने मानाने बोलावून घेतलेला, तीन चित्रे आणि असंख्य वह्या बरोबर आणलेला एक म्हातारा माणूस. येथे काय त्याच्या काळचे आहे, काय नंतर मांडलेले आहे आणि काय दुसऱ्याच गावी सुचलेले आहे, हा हिशेब मनात ठेवून फिरले तर अर्ध्या दिवसाची ही फेरी अतिशय समाधान देते. पुढचे सारे मार्गदर्शन त्याच दृष्टीने केले आहे.

निघण्यापूर्वीची तयारी

भारतीय पारपत्रावर प्रवास करणाऱ्यांना शेंगेन व्हिसा लागतो. त्याचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी तो दाखल झालेला असावा लागतो, शिवाय किमान ३०,००० युरो संरक्षणाचा प्रवास विमा सक्तीचा असतो. आपल्याकडच्या उन्हाळी सुट्टीत व्हिसा केंद्रांवर मोठी गर्दी होते, म्हणून मे महिन्यात जायचे असेल तर भेटीची वेळ जानेवारी-फेब्रुवारीतच घेऊन ठेवावी.

ऋतूचा विचार बागेमुळे करावा लागतो. घर बाराही महिने सारखेच दिसते, पण बागेचे खरे रूप एप्रिलच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत असते. जुलै-ऑगस्टमध्ये फ्रेंच शाळांना सुट्टी असल्याने दुपारी घरातल्या जिन्यांवर रांग लागते. माझ्या मते मे अखेर ते जून अखेर हा सर्वांत चांगला काळ आहे, कारण जूनच्या शेवटी रात्री दहाच्या सुमारापर्यंत उजेड असतो आणि घाई करावी लागत नाही. २५ डिसेंबर आणि १ जानेवारी या दोन दिवशी वास्तू बंद असते. उघडण्याच्या वेळा आणि तिकिटाचे दर ऋतूप्रमाणे बदलतात, म्हणून ते निघण्याच्या आठवडाभर आधी अधिकृत संकेतस्थळावर पाहून तिकीट तेथूनच काढावे.

तिकीट काढताना एक घोटाळा हमखास होतो. आंब्वाजमध्ये दोन वाडे आहेत. एक, टेकडीवरचा राजवाडा, जेथे राजे राहत आणि जेथे लिओनार्दोची समाधी आहे. दुसरा क्लो ल्यूसे, जेथे तो राहिला. दोन्हींची तिकिटे वेगळी असून व्यवस्थापनही वेगळे आहे. माझ्या पहिल्या भेटीत मी राजवाड्याचे तिकीट हातात धरून क्लो ल्यूसेच्या दारात उभा होतो, आणि तिकीट खिडकीवरच्या बाईंच्या चेहऱ्यावरून हे त्यांना नवीन नसावे असे वाटले.

पोहोचणे

पॅरिसहून दोन मार्ग आहेत. ओस्तरलिट्झ स्थानकावरून आंब्वाजला थेट गाड्या सुटतात आणि त्या साधारण पावणेदोन तासांत पोहोचवतात, मात्र दिवसातून त्या मोजक्याच असतात. दुसरा मार्ग मोंपारनास स्थानकावरून. तेथून वेगवान गाडीने तासाभरात तूर शहराजवळच्या सँ-पिएर-दे-कोर या जंक्शनला उतरायचे आणि स्थानिक गाडी पकडून वीसेक मिनिटांत आंब्वाज गाठायचे. एका दिवसात जाऊन येणे शक्य आहे, पण त्यासाठी सकाळी आठच्या आत पॅरिस सोडावे. शक्य असल्यास एक रात्र आंब्वाजमध्ये काढावी. सकाळी दार उघडताच आत शिरणे आणि पॅरिसहून गाडीने येऊन अकराच्या गर्दीत शिरणे यांत फार फरक पडतो.

आंब्वाजचे स्थानक नदीच्या उत्तर काठावर आहे आणि पाहायचे सगळे दक्षिण काठावर. स्थानकातून बाहेर पडून सरळ पुलाकडे चालावे. हा पूल मध्ये एका बेटावर टेकतो आणि त्याच्या दुसऱ्या अर्ध्यावरून समोर राजवाड्याची पूर्ण लांबी दिसते. स्थानकापासून क्लो ल्यूसेपर्यंत सावकाश पावलांनी अर्धा तास लागतो. लहान स्थानकावर सामान ठेवण्याची सोय असेलच असे गृहीत धरू नये. मोठी बॅग पॅरिसमधल्या हॉटेलातच ठेवून यावे.

राजवाड्याच्या पायथ्यापासून व्हिक्टर ह्युगोच्या नावाची गल्ली हळूहळू चढत क्लो ल्यूसेकडे जाते. या गल्लीत डाव्या-उजव्या हाताला लक्ष ठेवावे. पांढऱ्या मऊ चुनखडकाच्या कड्यात कोरलेली घरे येथे आजही वापरात आहेत. खडकातच दार, खडकातच खिडकी आणि वर गवतातून डोके काढणारे धुराडे असे त्यांचे रूप असते. याच दगडाने या खोऱ्यातले बहुतेक वाडे उभे राहिले आहेत, आणि क्लो ल्यूसेच्या खिडक्यांच्या चौकटीही त्याच दगडाच्या आहेत.

आधी घर, मग बाग

आत शिरल्यावर समोरची हिरवळ आणि झाडांतून डोकावणारी यंत्रे मुलांना लगेच ओढतात. पाऊस येण्याची चिन्हे नसतील तर हा मोह आवरावा आणि आधी घर पाहावे. खोल्या लहान आहेत, जिने अरुंद आहेत, आणि साडेदहानंतर एकेका दालनात माणसे खांद्याला खांदा लावून उभी राहतात. बाग सुमारे सात हेक्टरांची असल्याने तेथे गर्दी जाणवत नाही. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी वरच्या मजल्याचे जिने जपून चढावेत आणि चाकाच्या खुर्चीची गरज असल्यास कोणत्या भागात जाता येते हे तिकीट खिडकीवरच विचारून घ्यावे.

वाड्याचा थोडा पूर्वेतिहास सांगणे आवश्यक आहे. १४७१ साली तो बांधला गेला आणि १४९० मध्ये राजा आठवा चार्ल्स याने तो विकत घेतला. तेव्हा त्याचे नाव क्लू असे होते, आणि लिओनार्दोच्या कागदांतही तेच नाव येते. पुढे अनेक मालक बदलले. १८५५ पासून तो सँ-ब्री या कुटुंबाकडे आहे आणि त्यांनी १९५४ साली तो लोकांना खुला केला. इतक्या हातांतून गेलेल्या घरात लिओनार्दोचे सामान टिकणे शक्यच नव्हते. भिंती, जिने, शेकोट्या आणि खिडकीतून दिसणारे दृश्य हे त्याच्या ओळखीचे, तर पलंग, टेबले, पडदे हे त्या काळाला शोभतील असे नंतर मांडलेले. एवढे ध्यानात ठेवले की पुढची फेरी सोपी होते.

फेरी वरच्या मजल्यावरून सुरू होते आणि बाणांच्या खुणांनी उतरत तळघरात संपते. सर्वांत आधी लिओनार्दोचा शयनकक्ष लागतो. तेथे कोरीव छत्रीपलंग, मोठी शेकोटी आणि लाल कापडे दिसतात आणि सगळे जण पलंगाचा फोटो काढून पुढे सरकतात. आपण पलंगाकडे पाठ करून खिडकीशी जावे. तेथून राजवाडा दिसतो, म्हणजे ज्याने त्याला पोसले त्या राजाचे घर. हेच दृश्य दाखवणारे, बहुधा त्याचा शिष्य फ्रान्चेस्को मेल्झी याच्या हातचे असलेले एक रेखाचित्र आज इंग्लंडच्या राजसंग्रहात आहे. राजा पहिला फ्रान्स्वा त्या वेळी नुकताच विशीत आलेला तरुण होता. त्याने लिओनार्दोला वर्षाला हजार सोन्याच्या नाण्यांचे वेतन, राजाचा पहिला चित्रकार, अभियंता आणि स्थापत्यकार असा किताब आणि हे घर दिले. लिओनार्दोचे रोममधले आश्रयदाते जुलिआनो दे मेदिची मार्च १५१६ मध्ये वारले होते आणि इटलीत आता त्याला फारसे कोणी उरले नव्हते, त्यामुळे या निमंत्रणाचे मोल त्याच्या दृष्टीने मोठे असले पाहिजे.

लिओनार्दोने राजाच्या मिठीत प्राण सोडले अशी कथा सोळाव्या शतकातील चित्रकारांचा चरित्रकार वासारी याने सांगितली आणि चित्रकार अँग्र याने १८१८ साली तिचे चित्र काढून ती अजरामर केली. या खोलीत उभे राहून ती कथा आठवतेच. पण मृत्यूच्या दुसऱ्या दिवशी, ३ मे रोजी, पॅरिसजवळच्या सँ-जर्मां-आं-ले येथून राजाज्ञा निघाली होती, म्हणून बहुतेक अभ्यासक या कथेवर विश्वास ठेवत नाहीत. त्याहून मला त्याचे मृत्युपत्र अधिक हलवून जाते. ते त्याने २३ एप्रिल १५१९ रोजी केले. वह्या आणि उपकरणे मेल्झीला दिली. मिलानबाहेरची बाग जुना शिष्य सालाई आणि नोकर बातिस्ता यांना अर्धी-अर्धी वाटून दिली. अंत्ययात्रेत साठ गरीब माणसांनी साठ मशाली धराव्यात आणि त्यांना त्याबद्दल पैसे द्यावेत असे लिहून ठेवले. आणि घरात काम करणाऱ्या मातुरीन या बाईला चांगल्या काळ्या कापडाचा अस्तर लावलेला झगा आणि दोन सुवर्णमुद्रा दिल्या.

पुढच्या दालनांत त्याची कार्यशाळा आणि अभ्यासिका पुन्हा उभी केलेली आहे. घोडीवर चढवलेली अर्धवट चित्रे, रंगद्रव्यांच्या वाट्या, कवट्या, वाळवलेल्या वनस्पती, पुस्तके अशी ही मांडणी आहे. ही सारी आधुनिक रचना आहे, पण काळजीपूर्वक केलेली आहे. येथे १० ऑक्टोबर १५१७ या दिवसाची आठवण ठेवावी. त्या दिवशी कार्डिनल लुइजी द’आरागोना लिओनार्दोला भेटायला आले आणि त्यांचा चिटणीस आन्तोनिओ दे बेआतिस याने सगळे टिपून ठेवले. त्यांना तीन चित्रे दाखवण्यात आली: फ्लॉरेन्समधल्या एका स्त्रीचे व्यक्तिचित्र, तरुण संत योहान आणि संत अ‍ॅनच्या मांडीवरची मरिया व बाळ. पहिले चित्र म्हणजे मोनालिसा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. उजव्या हाताला पक्षाघात झाल्याने पूर्वीसारखे हळुवार रंगकाम आता त्याच्याकडून होणार नाही, पण तो रेखाटने करतो आणि शिकवतो, असेही चिटणिसाने नोंदवले आहे. लिओनार्दो डावखुरा होता, त्यामुळे रेखाटनाचा हात शाबूत होता. ही तिन्ही चित्रे आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहेत. क्लो ल्यूसेत त्याचे मूळ चित्र एकही नाही, हे मोनालिसेच्या आशेने येणाऱ्यांनी आधीच समजून घ्यावे.

त्यानंतर येते ते छोटे देवघर, आणि माझ्या मते घरातली ही सर्वांत जपून पाहण्याची जागा आहे. आठव्या चार्ल्सने ते राणी अ‍ॅन हिच्यासाठी बांधवले. त्या दोघांची मुले एकामागून एक बालवयातच दगावली होती आणि राणी येथे प्रार्थनेला येत असे असे सांगतात. भिंतींवरची चित्रे लिओनार्दोच्या शिष्यांनी काढलेली मानली जातात. जागा इतकी लहान आहे की चार-पाच माणसे आली की दार अडते, आणि लोक एक नजर टाकून निघून जातात. त्यांना जाऊ द्यावे, दोन मिनिटे थांबावे आणि डोळे अंधाराला सरावले की मग चित्रांकडे पाहावे.

मधली अठराव्या शतकातील लाकडी तक्तपोशीची दिवाणखान्याची दालने सुंदर आहेत, पण ती लिओनार्दोच्या नंतरची असल्याने वेळ कमी असेल तर तेथे रेंगाळू नये. खालचे स्वयंपाकघर मात्र चुकवू नये. भली मोठी चूल, तांब्याची भांडी आणि जाड लाकडी टेबल असे ते आहे. लिओनार्दोच्या अखेरच्या वर्षांतल्या मानल्या जाणाऱ्या भूमितीच्या एका पानावर, जे आज लंडनच्या ब्रिटिश ग्रंथालयात आहे, तो एक सिद्धता लिहिता लिहिता मध्येच थांबतो आणि इत्यादी लिहून कारण देतो, सूप निवते आहे. हाक मातुरीननेच मारली असेल का हे कोणी सांगू शकत नाही, पण या चुलीसमोर उभे राहिल्यावर तसे मानायला मन तयार होते.

तळघरात सुमारे चाळीस यंत्रांची प्रारूपे आहेत. लिओनार्दोच्या रेखाटनांवरून आणि त्याच्या काळच्या साहित्यातून ती आयबीएम कंपनीने तयार केली. सगळी एकसारख्या लक्षाने पाहू गेल्यास डोके भणभणते. त्याऐवजी दंतचक्रे, कप्प्या आणि घर्षण कमी करण्याच्या युक्त्या असलेली चार-पाच निवडावीत आणि गती कुठून कुठे जाते हे बोटाने शोधावे. जवळच राजवाड्याकडे जाणाऱ्या भुयाराचे तोंड दाखवतात. राजा या भुयारातून लिओनार्दोला भेटायला येत असे ही ऐकीव कथा आहे, आणि मुलांना ती घरातील इतर कशाहूनही जास्त आवडते.

अंगणात थोडे थांबावे

बाहेर आल्यावर बागेकडे धावण्यापूर्वी अंगणात मधोमध उभे राहावे. १९ जून १५१८ रोजी राजाच्या सन्मानार्थ लिओनार्दोने येथे सोहळा केला. अंगणावर आकाशी निळ्या कापडाचे छत ताणले होते, त्यावर सोनेरी तारे, सूर्य, चंद्र आणि ग्रह होते, आणि चारशे मोठ्या जोडवाती लावल्यामुळे रात्र हटल्यासारखी वाटली असे एका प्रत्यक्षदर्शीने कळवले आहे. असाच स्वर्गाचा देखावा त्याने १४९० मध्ये मिलानच्या दरबारासाठी केला होता. या घराशी खरोखर निगडित असे त्याचे कामकाज पाहायचे तर ते हेच: सोहळे, रोमोरांतां येथे राजमातेसाठी नवे नगर आणि राजवाडा वसवण्याचा आराखडा, आणि त्यासोबतची कालव्यांची योजना. शांबोरच्या राजवाड्यातील दुहेरी गोलाकार जिना त्याच्याच कल्पनेतून आला असे मानणारे पुष्कळ आहेत. त्या राजवाड्याचे काम त्याच्या मृत्यूच्याच वर्षी, १५१९ मध्ये, सुरू झाले.

बाग

बागेला किमान दोन तास द्यावेत. वाड्यालगतचा भाग आखीव, पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारा आहे. त्याच्या खाली आमास नावाचा ओढा वाहतो आणि तेथून झाडीचा मोकळा भाग सुरू होतो. २००३ पासून या भागात लिओनार्दोची यंत्रे खऱ्या आकारात उभी आहेत आणि त्यांतली बरीचशी हाताने फिरवता येतात. झाडांच्या फांद्यांतून त्याची चित्रे आणि रेखाटने छापलेले मोठे अर्धपारदर्शक पडदे टांगलेले आहेत. ते पाहण्याची वेळ महत्त्वाची आहे. ऊन डोक्यावर असताना ते फिके दिसतात, आणि दुपारी चारनंतर उतरता प्रकाश मागून येऊ लागला की चेहरे पानांमधून उजळतात. म्हणून फेरीची पहिली बाजू यंत्रांसाठी आणि परतीची बाजू पडद्यांसाठी ठेवावी.

यंत्रांपैकी रणगाड्याच्या आत मुलांना उभे करून एक गोष्ट सांगावी. लिओनार्दोच्या मूळ रेखाटनात दंतचक्रे अशी जोडली आहेत की हँडल फिरवल्यावर पुढची आणि मागची चाके एकमेकांविरुद्ध फिरतील आणि गाडा जागचा हलणार नाही. चूक झाली की मुद्दाम केली यावर वाद आहे. आपल्या दहा वर्षांच्या मुलाला हा वाद सोडवायला द्यावा, अर्धा तास निघून जातो. हवाई मळसूत्राजवळ सर्वाधिक फोटो निघतात, पण माणसाच्या बळावर ते उडाले नसते.

मला स्वतःला ओढ्यावरचा दोन मजली लाकडी पूल सर्वांत आवडतो. माणसांनी वरून आणि जनावरे व गाड्यांनी खालून जावे, म्हणजे एकमेकांचा खोळंबा होऊ नये, असा विचार लिओनार्दोने नगररचनेच्या टिपणांत केला होता. वरच्या मजल्यावर कठड्याला टेकून खाली पाण्याकडे पाहावे. खांबाला पाणी आपटते, दोन धारा होतात, खांबामागे भोवरे उठतात आणि एकमेकांत गुंतत पुढे विरतात. अडथळ्याभोवती वळणारे पाणी आणि वेणीत गुंफलेले केस यांचे साम्य त्याने कागदावर उतरवले होते, आणि येथे ते रेखाटन हलताना दिसते. यंत्रे फिरवताना मुलांचा गलका चालू असतो, पुलावर मात्र शांतता असते.

बागेतील नव्या दालनांत, जी २०२१ मध्ये उघडली, त्याची चित्रे मोठ्या पडद्यांवर दाखवतात आणि स्थापत्याचे आराखडे प्रारूपांतून समजावतात. पाऊस आलाच तर ही दालने त्या वेळेसाठी राखून ठेवावीत. रोमोरांतांचा आराखडा समजून घ्यायचा असेल तर मात्र ती चुकवू नयेत.

खाण्याविषयी

आवारात खाण्याची सोय आहे आणि गावातही आहे. शाकाहारी मंडळींनी कुट्टूच्या पिठाचा पातळ धिरड्यासारखा पदार्थ, ज्याला तेथे गालेत म्हणतात, तो चीज आणि भाजी घालून मागवावा आणि हॅम व अंडे नको हे आधीच स्पष्ट सांगावे, कारण दोन्ही सवयीने घातले जाते. शुक्रवारी आणि रविवारी सकाळी नदीकाठी बाजार भरतो. तेथून पाव, बकरीच्या दुधाचे चीज आणि फळे घेऊन ठेवली तर दुपारचे जेवण स्वस्तात होते.

या संदर्भात एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. फ्लॉरेन्सचा प्रवासी आंद्रेआ कोरसाली याने १५१६ च्या सुरुवातीला कोचीनहून त्याच जुलिआनो दे मेदिचींना पत्र लिहिले. त्यात गुजराती लोकांबद्दल तो लिहितो की हे लोक रक्त असलेले काहीही खात नाहीत आणि कोणत्याही जिवाला इजा होऊ देत नाहीत, आपल्या लिओनार्दो दा विंचीसारखे. त्याच्या शाकाहाराबद्दलचा हा सर्वांत जवळचा समकालीन उल्लेख समजला जातो. हॅम नको म्हणताना वेटरने भुवया उंचावल्या तर हे मनात आणावे.

अखेरचा टप्पा: समाधी

क्लो ल्यूसेतून साडेतीनच्या सुमारास निघता आले, तर राजवाड्यासाठी दीड तास सहज मिळतो. पडद्यांवरचा उतरता प्रकाश हवा असेल तर राजवाडा दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवावा, आणि मुक्काम करण्याचा हाही एक फायदा आहे. राजवाड्यात सँ-ह्युबेर या नाजूक कोरीव दगडी चॅपेलमध्ये लिओनार्दोची समाधी आहे, परंतु तिची कथा सरळ नाही. त्याला पुरले होते ते याच आवारातील सँ-फ्लोरांतां चर्चमध्ये. ते चर्च एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पाडले गेले. १८६३ मध्ये त्या जागी खोदकाम झाले, काही अस्थी मिळाल्या आणि त्या लिओनार्दोच्या असाव्यात असे मानून पुढे या चॅपेलमध्ये ठेवल्या गेल्या. त्या नक्की त्याच्याच आहेत हे कधी सिद्ध झालेले नाही.

चॅपेलमध्ये नेहमी रांग असते. तेथून बाहेर पडल्यावर बागेत, जुन्या चर्चच्या जागी, लिओनार्दोचा एक अर्धपुतळा उभा आहे आणि तेथे बहुधा कोणीच नसते. त्याच्यापाशी जावे, मग कठड्यावरून खाली नदी, पूल आणि पलीकडचे स्थानक दिसेल. तेथून गाडीपर्यंत उताराने आणि पुलावरून चालत पाऊण तास हाताशी ठेवावा, कारण संध्याकाळी थेट पॅरिसला जाणारी गाडी चुकली तर सँ-पिएर-दे-कोरला बदल करून जावे लागते.